०२०० ते ०४३०: कार्ड पेमेंटच्या लॉगमधला एमटीआय कसा वाचायचा

जून लागला की आपल्या किनारपट्टीवर, म्हणजे हर्णै-दापोलीपासून खाली मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत, स्वाइप मशीनच्या तक्रारी एकदम वाढतात. लाइट जाते, टॉवरचा बॅकअप संपतो, मशीनमधल्या सिमची रेंज एका काडीवर येते आणि मग खानावळीतून फोन येतो, "पैशे गेले पण स्लिप इली नाय." गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर डेबिटचा मेसेज आलेला असतो, मशीन म्हणतं ट्रान्झॅक्शन फेल, जेवणाचं बिल भरलं की नाही यावर काउंटरवर वाद चालू असतो. सपोर्टला बसलेल्या पोराने लॉग उघडला की समोर चार-चार आकड्यांची रांग, ०२००, ०२१०, ०४००, ०४३०, आणि तो बिचारा थेट रिस्पॉन्स कोड, म्हणजे मंजूर की नामंजूर सांगणारा आकडा, शोधायला लागतो. हा लेख त्याच्यासाठी आहे, म्हणजे पीओएस (स्वाइप मशीन) सपोर्ट, बँकेचं रिकन्सिलिएशन, म्हणजे हिशोब जुळवण्याचं काम, किंवा फिनटेकमध्ये नवीन लागलेल्यांसाठी. माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी खाली परत परत सांगणार आहे: आधी ते चार आकडे वाचा, मग बाकीचं.

त्या चार आकड्यांना मेसेज टाइप इंडिकेटर म्हणतात, बोलताना सगळे एमटीआय म्हणतात. ते आयएसओ ८५८३ नावाच्या स्टँडर्डमधून येतात, ज्याची पहिली आवृत्ती १९८७ ची, मग १९९३ आणि २००३ ला नवीन आवृत्त्या आल्या. एटीएम, स्वाइप मशीन, ऑनलाइन कार्ड पेमेंट, एवढंच काय आयएमपीएससुद्धा याच घराण्यातलं आहे. यूपीआय मात्र वेगळं, त्याचे मेसेज एक्सएमएलमध्ये असतात, म्हणून क्यूआर स्कॅनची तक्रार घेऊन या लॉगमध्ये शोधत बसू नका, सापडणार नाही.

चार आकडे, चार प्रश्न

एमटीआय हा एक आकडा म्हणून वाचायचाच नाही. "दोनशे" किंवा "चारशे वीस" असं बोलायला ठीक आहे, पण डोक्यात प्रत्येक आकडा सुटा ठेवायचा, कारण प्रत्येक जागेवरचा आकडा वेगळी गोष्ट सांगतो.

पहिला आकडा आवृत्तीचा. ० असेल तर १९८७, १ असेल तर १९९३, २ असेल तर २००३. आपल्याकडे मशीन आणि स्विच (मेसेज योग्य बँकेकडे वळवणारी यंत्रणा) यांच्या लॉगमध्ये तुम्हाला बहुतेक वेळा ० च दिसणार. १ ने सुरू होणारे कोड मास्टरकार्डच्या क्लिअरिंग फाइलमध्ये, म्हणजे बँकांमध्ये खरे पैसे फिरवण्यासाठीच्या यादीत, भेटतात, त्यांच्याकडे शेवटी येतो.

दुसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, तो मेसेजचा वर्ग सांगतो. १ म्हणजे ऑथरायझेशन, नुसती परवानगी मागितली आहे. २ म्हणजे फायनान्शियल, परवानगी आणि पैसे वळते करणं एकाच मेसेजमध्ये. ३ फाइलसंबंधी काम. ४ म्हणजे रिव्हर्सल आणि चार्जबॅक (कार्डाच्या बँकेने वाद घालून पैसे परत मागणं), केलेलं परत फिरवणं. ५ म्हणजे हिशोब जुळवणं, मशीनवर रात्री सेटलमेंट मारता ते यात येतं. ६ प्रशासकीय, ७ फी वसुली, ८ नेटवर्क मॅनेजमेंट. रोजच्या कामात १, २, ४, ५ आणि ८ एवढे पाठ असले की भागतं, बाकीचे दिसतील तेव्हा बघता येतात.

तिसरा आकडा सांगतो की हा मेसेज नक्की काय करतोय. ० म्हणजे विनंती, १ म्हणजे त्या विनंतीचं उत्तर. २ म्हणजे ॲडव्हाइस, ३ म्हणजे ॲडव्हाइसचं उत्तर. ४ म्हणजे नोटिफिकेशन, ५ त्याची पोच. विनंती आणि ॲडव्हाइस यातला फरक नीट समजून घ्या कारण पुढे सगळं त्यावर आहे. विनंतीला समोरचा नाही म्हणू शकतो. ॲडव्हाइसमध्ये गोष्ट आधीच घडलेली असते, समोरच्याला ती फक्त कळवायची असते आणि त्याने ती नोंदवून घ्यायची असते, "मला मान्य नाही" म्हणायची सोय तिथे नाही.

चौथा आकडा मेसेज कोणी सुरू केला ते सांगतो. ० म्हणजे ॲक्वायरर, म्हणजे ज्या बँकेचं मशीन दुकानात आहे ती बाजू. १ म्हणजे त्याच बाजूने तोच मेसेज पुन्हा पाठवलाय. २ म्हणजे इश्युअर, गिऱ्हाइकाच्या कार्डाची बँक, आणि ३ म्हणजे तिने पुन्हा पाठवलेला. ४ म्हणजे इतर कोणीतरी.

आता जोड्या आपोआप लागतात बघा. ०२०० ला उत्तर ०२१०, ०१०० ला ०११०, ०४२० ला ०४३०, ०८०० ला ०८१०. तिसऱ्या जागेवर एक मिळवला की उत्तर तयार. ०४२१ दिसला तर तो ०४२० चाच पुनर्प्रेषित मेसेज, कारण पहिल्याची पोच आली नाही.

सोप्या मेसेजवर हात बसवा

सुरुवात ०८०० ने करा, त्यात पैसे नसतात आणि फील्ड, म्हणजे मेसेजमधले नंबर दिलेले माहितीचे रकाने, तेही कमी. समजा लॉगमध्ये अशी ओळ आहे (मी सोयीसाठी मध्ये जागा सोडल्यात, खऱ्या लॉगमध्ये सगळं चिकटून येतं):

०८०० ८२२००००००००००००० ०४०००००००००००००० ०६१४०८३०१५ ०००४७२ ३०१

पहिले चार आकडे ०८००: १९८७ ची आवृत्ती, नेटवर्क मॅनेजमेंट, विनंती, ॲक्वायररकडून. त्यानंतरचे सोळा आकडे म्हणजे बिटमॅप. बिटमॅप हा हजेरीपट समजा, कुठली फील्ड आज हजर आहेत तेवढं तो सांगतो. प्रत्येक हेक्स आकडा (० ते ९ आणि मग ए ते एफ) चार बिटांचा, सोळा आकड्यांत चौसष्ट बिट, बिट १ असेल तर ते फील्ड हजर. ८२ चे बिट लिहा: १०००००१०. म्हणजे पहिला आणि सातवा चालू. पहिला बिट चालू याचा अर्थ अजून एक बिटमॅप मागे आहे, ६५ ते १२८ फील्डांसाठी. पुढचा २०: ००१०००००, हे ९ ते १६ मधले, म्हणजे फील्ड ११ हजर. दुसऱ्या बिटमॅपचा ०४: ०००००१००, म्हणजे ६५ पासून मोजत सहावा, फील्ड ७०.

मग उरलेलं क्रमाने वाचायचं. फील्ड ७ म्हणजे मेसेज पाठवल्याची तारीख-वेळ, महिना-दिवस-तास-मिनिट-सेकंद: १४ जून, ०८:३०:१५. फील्ड ११ म्हणजे ट्रेस नंबर ०००४७२, याला स्टॅन म्हणतात. फील्ड ७० मध्ये ३०१, म्हणजे एको टेस्ट, "लाइन चालू आहे ना?" एवढंच विचारलंय. याच जागी ००१ आलं तर साइन-ऑन, ००२ आलं तर साइन-ऑफ.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, फील्ड ७ ची वेळ ग्रीनिच प्रमाणवेळ असते. साडेपाच तास मिळवा, म्हणजे दुपारचे दोन वाजून पंधरा सेकंद. मशीनवरची स्थानिक वेळ फील्ड १२ मध्ये असते. गिऱ्हाईक सांगतो दुपारी दोनला जेवलो आणि पोरगा लॉगमध्ये १४ शोधत बसतो फील्ड ७ च्या रकान्यात, मग म्हणतो ट्रान्झॅक्शन झालंच नाही. असं करू नका.

आणि ०८०० गेलाय पण ०८१० येतच नाहीये असं दिसलं, तर एकेका गिऱ्हाइकाच्या ट्रान्झॅक्शनमागे धावण्यात अर्थ नाही, लिंकच बसलेली आहे, आधी ती उचला.

मशीनकडून येणारा कच्चा डंप

मशीन आणि ॲक्वायरर होस्ट (त्या बँकेचा सर्व्हर) यांच्यामधला डंप, म्हणजे मेसेज जसाच्या तसा, बघायला मिळाला तर तो जरा वेगळा दिसतो. मालवणच्या एखाद्या खानावळीत सुरमई थाळ्यांचं १८५० रुपयांचं बिल कार्डाने भरलं असं धरा:

६० ०० ०३ ०० ०० / ०२ ०० / ३० २० ०५ ८० २० सी० ०२ ०४ / ०० ०० ०० / ०० ०० ०० १८ ५० ०० / ०० ०४ ७१ / ०० ५१ ...

सगळ्यात आधी दोन बाइट लांबीचे असतात, ते मी इथे सोडलेत. मग ६० ने सुरू होणारे पाच बाइट, तो टीपीडीयू, म्हणजे मेसेज कुठे न्यायचा त्याचा पत्ता. नवीन माणूस इथेच अडकतो, ६००० ला एमटीआय समजतो आणि मग काहीच जुळत नाही. पाच बाइट सोडा, मग ०२ ०० सापडतो. इथे तो बीसीडीमध्ये आहे, म्हणजे एका बाइटात दोन आकडे, म्हणून दोनच बाइटांत बसलाय. हाच आस्कीमध्ये (एका आकड्याला एक बाइट) असता तर ३० ३२ ३० ३० दिसला असता, आणि एबसिडिक या दुसऱ्या तशाच पद्धतीत एफ० एफ२ एफ० एफ०. तिन्ही एकच, ०२००. कुठल्या लिंकवर कुठलं एन्कोडिंग आहे ते स्पेक डॉक्युमेंटमध्ये बघून डेस्कवर लिहून चिकटवा, अर्धा त्रास कमी होईल.

बिटमॅप वरच्याच पद्धतीने सोडवा, फील्ड ३, ४, ११, २२, २४, २५, ३५, ४१, ४२, ५५, ६२ निघायला हवीत. स्वतः कागदावर करून बघा, नुसतं वाचून बसत नाही. फील्ड ३ प्रोसेसिंग कोड: पहिले दोन आकडे ०० म्हणजे खरेदी. इथे ०१ असतं तर रोख काढली, २० असतं तर रिफंड, ३१ असतं तर बॅलन्स चौकशी. फील्ड ४ रक्कम, बारा आकडी आणि पैशांत, ०००००० १८५००० म्हणजे १८५० रुपये ०० पैसे. फील्ड ११ ट्रेस ०००४७१. फील्ड २२ मध्ये ०५१: ०५ म्हणजे चिप घालून वाचली, पुढचा १ म्हणजे मशीनवर पिन घ्यायची सोय आहे. टॅप करून झालं असतं तर ०७, पट्टी घासून झालं असतं तर ९०.

या मेसेजला उत्तर ०२१० येतं, त्यात फील्ड ३८ मध्ये ऑथ कोड, म्हणजे मंजुरीचा नंबर, फील्ड ३९ मध्ये रिस्पॉन्स कोड. ०० मंजूर, ५१ खात्यात पैसे नाहीत, ५४ कार्डाची मुदत संपली, ५५ पिन चुकला, ९१ कार्डाची बँक किंवा स्विच बंद.

०० दिसलं म्हणून पैसे मिळाले असं नाही

आता मुख्य मुद्दा. फील्ड ३९ मध्ये ०० आहे, पण कुठल्या एमटीआयमध्ये? ०२१० मध्ये ०० म्हणजे खरेदी मंजूर. ०४१० किंवा ०४३० मध्ये ०० म्हणजे रिव्हर्सल स्वीकारलं, म्हणजे खरेदी रद्द. ०८१० मध्ये ०० म्हणजे लाइन ठीक. एकच ००, तीन वेगळ्या गोष्टी. लॉगमध्ये "३९ बरोबर ००" असा फिल्टर मारून, शेवटची ओळ बघून, दुकानदाराला "काकी, तुमचं ट्रान्झॅक्शन सक्सेस आहे" असं सांगितलं जातं, प्रत्यक्षात ती ओळ ०४३० ची असते आणि पैसे गिऱ्हाइकाकडे परत चाललेले असतात. काकी दोन-तीन दिवस खात्यात वाट बघतात, मग परत फोन. खानावळवाल्यासाठी १८५० रुपये लहान रक्कम नाही, त्या दिवसाची मासळी त्यातून येते, म्हणून हे उत्तर अंदाजाने देऊ नये.

पावसाळ्यातली ती नेहमीची तक्रार सोडवायची असेल तर साखळी लावायची आणि साखळी कुठे तुटली ते शोधायचं. तुटायच्या जागा तीन.

पहिली जागा, ०२०० मशीनमधून निघाला पण होस्टपर्यंत पोचलाच नाही. होस्टच्या लॉगमध्ये त्या टर्मिनलची (फील्ड ४१) त्या वेळेची नोंदच नसेल. अशा वेळी गिऱ्हाइकाचे पैसे कापलेच जात नाहीत, त्याच्याकडे डेबिटचा मेसेज आहे का ते दाखवायला सांगा, बहुतेक वेळा नसतो किंवा जुनाच असतो.

दुसरी जागा, ही आपल्याकडे सगळ्यात जास्त. ०२०० पोचला, पुढे गेला, मंजूर झाला, होस्टने ०२१० पाठवला पण तेवढ्यात रेंज गेली आणि मशीनला तो मिळाला नाही. होस्टच्या लॉगमध्ये ०२०० आणि ०२१० दोन्ही छान दिसतात, ३९ मध्ये ०० सुद्धा, आणि गिऱ्हाइकाला डेबिटचा मेसेजही गेलेला असतो. मशीन मात्र वाट बघून टाइमआउट होतं आणि स्वतःकडे एक रिव्हर्सल लिहून ठेवतं. तो ०४०० लगेच जाईलच असं नाही. बऱ्याच मशीनवर तो पुढच्या ट्रान्झॅक्शनच्या आधी किंवा सेटलमेंटच्या आधी जातो. म्हणून वैतागून मशीन बंद करून ड्रॉवरमध्ये टाकलं तर रिव्हर्सल आतच अडकून राहतो, आणि गिऱ्हाइकाचे पैसे तिकडे कापलेले. दुकानदाराला सांगायचं ते हेच, मशीन चालू ठेवा, रेंज येईल अशा जागी, पडवीत किंवा रस्त्याच्या बाजूला न्या आणि सेटलमेंट मारा. मग लॉगमध्ये ०४०० आणि ०४१० दिसेपर्यंत थांबा, ट्रेस तोच ०००४७१ असायला हवा.

तिसरी जागा होस्टच्या पुढे. होस्टने कार्ड नेटवर्ककडे (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) मेसेज पाठवला, कार्डाच्या बँकेकडून उत्तर वेळेत आलं नाही. मग होस्ट मशीनला नकार देतो आणि स्वतः ०४२० सोडतो. तिसरा आकडा २ आहे बघा, ॲडव्हाइस, कार्डाच्या बँकेला तो घ्यावाच लागतो. ०४३० आला नाही तर ०४२१, परत ०४२१, पोच येईपर्यंत. अशी ०४२१ ची रांग दिसली तर घाबरू नका, एकच ट्रान्झॅक्शन आहे, पैसे एकाहून जास्त वेळा परत जाणार नाहीत. हेच ०२०१ बाबत मात्र सावध, खरेदीची विनंती पुन्हा पाठवली तर दोनदा डेबिटचा धोका असतो, म्हणून बहुतेक ठिकाणी ०२०१ वापरतच नाहीत, रिव्हर्सल करून नवीन ट्रेसने नवीन ०२०० पाठवतात.

रिव्हर्सल कोणत्या व्यवहाराचा ते फील्ड ९० वरून कळतं, बेचाळीस आकडे, मूळ मेसेजची ओळख: आधी मूळ एमटीआय ०२००, मग ट्रेस ०००४७१, मग मूळ तारीख-वेळ दहा आकडी, मग अकरा-अकरा आकड्यांचे दोन संस्था कोड. फील्ड ९० हे ६४ च्या पुढचं असल्यामुळे अशा मेसेजला दुसरा बिटमॅप असणारच.

एकच खरेदी, दोन लॉग, दोन एमटीआय

मशीन ते होस्ट ०२००, आणि होस्ट ते नेटवर्क तीच खरेदी ०१०० म्हणून गेलेली, असं दिसलं तर लॉग चुकलाय असं समजू नका. व्हिसा आणि मास्टरकार्डकडे दोन पद्धती आहेत. ड्युअल मेसेजमध्ये दिवसा ०१०० ने फक्त परवानगी घेतात, गिऱ्हाइकाच्या खात्यात रक्कम अडवून ठेवली जाते आणि खरे पैसे नंतर क्लिअरिंग फाइलने फिरतात. सिंगल मेसेजमध्ये ०२०० नेच सगळं उरकतं, एटीएमची रोख हे त्याचं नेहमीचं उदाहरण. म्हणून कोणता लॉग, कुठल्या दोघांमधला, हे विचारल्याशिवाय एमटीआयचा अर्थ सांगायचा नाही.

दोन लॉग जुळवताना ट्रेस नंबरवर फार विसंबू नका, तो प्रत्येक टप्प्यावर बदलू शकतो. फील्ड ३७ चा आरआरएन (रिट्रिव्हल रेफरन्स नंबर) धरा, बारा आकडी. बऱ्याच ठिकाणी तो असा बनतो: वर्षाचा शेवटचा आकडा, वर्षातला कितवा दिवस, तास, ट्रेस. ५१६५०८०००४७१ हा घ्या. ५ म्हणजे २०२५, १६५ वा दिवस म्हणजे १४ जून, ०८ तास ग्रीनिच, ट्रेस ०००४७१. गिऱ्हाइकाच्या बँकेशी बोलताना हाच नंबर द्या.

तारकर्लीच्या होमस्टेसारख्या ठिकाणी आणखी एक जोडी भेटते. चेक-इनला प्री-ऑथ, म्हणजे आगाऊ परवानगी, ०१००, आणि चेक-आउटला खरी रक्कम ०२२० ने, म्हणजे फायनान्शियल ॲडव्हाइस, "व्यवहार पूर्ण झालाय, नोंद घ्या". चेक-आउटचा ०२२० गेलाच नाही तर मालकाला पैसे येत नाहीत आणि पाहुण्याची रक्कम मात्र काही दिवस अडकून राहते, दोघेही नाराज. ०१२० दिसला तर वेगळं, कार्डाची बँक बंद असताना नेटवर्कने तिच्या वतीने निर्णय दिला आणि बँक उठल्यावर तिला कळवलं, असा त्याचा नेहमीचा उपयोग.

०५०० रात्रीच्या सेटलमेंटचा. बऱ्याच टर्मिनल स्पेकमध्ये मशीनची आणि होस्टची बेरीज जुळली नाही तर ०५१० मध्ये ९५ येतो, मग मशीन एकेक व्यवहार ०३२० ने वर चढवतं आणि शेवटी पुन्हा ०५००. म्हणजे ०३२० ची माळ दिसली की बॅच जुळली नव्हती एवढं कळतं.

क्लिअरिंग फाइलमधले कोड आता तुम्ही स्वतः सोडवू शकता. मास्टरकार्डच्या फाइलमध्ये १२४० येतो: १९९३, फायनान्शियल, नोटिफिकेशन, ॲक्वायररकडून. म्हणजे दुकानाच्या बाजूने केलेली मागणी. १४४२: शेवटचा २ बघा, इश्युअरकडून, वर्ग ४, हा चार्जबॅक. १६४४ प्रशासकीय, फाइलच्या सुरुवातीला-शेवटी असतो. १७४० फी.

तक्रार लिहिताना

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे मशीनवर कार्ड वापरलं, खातं डेबिट झालं आणि दुकानाला कन्फर्मेशन आलं नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. गिऱ्हाइकाला हे सांगा, बऱ्याच लोकांना माहीत नसतं. तक्रारीत टर्मिनल आयडी, आरआरएन, रक्कम, तारीख आणि तुम्हाला दिसलेली साखळी क्रमाने लिहा, उदाहरणार्थ "०२०० गेला, ०२१० मंजूर, मशीनकडून ०४०० नाही". समोरच्या बँकेतला माणूस एवढ्यावरून लगेच कामाला लागतो, "पैसे कट झाले प्लीज चेक" वर तो काहीच करू शकत नाही.

आणि हे लॉग व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे नाहीत. फील्ड २ मध्ये पूर्ण कार्ड नंबर असतो, फील्ड ३५ मध्ये ट्रॅकची माहिती, ५२ मध्ये पिन ब्लॉक, ५५ मध्ये चिपचा डेटा. ही फील्ड काढून टाका, कार्ड नंबरचे पहिले सहा आणि शेवटचे चार आकडे ठेवा, मधले झाका. एमटीआय, ट्रेस, आरआरएन, टर्मिनल, रक्कम आणि फील्ड ३९ एवढ्यावर शोध घेता येतो, त्याच्यापुढचं काही लागलं तर बँकेच्या ठरलेल्या सुरक्षित मार्गाने मागवा.